सळईचा वण

१

निववायची पेटी उघडली, तर आत एक भांडं होतं. काच फुंकणाऱ्याच्या पेटीत भांडं निघणार नाही तर काय चपला निघणार, असं कोणीही म्हणेल. पण ज्या संध्याकाळी हे भांडं पेटीत गेलं, त्याच संध्याकाळी ते घडवणारा माणूस कामाच्या बाकाशेजारी मरून पडला होता. आणि सगळ्यांच्या मते तो तेव्हा एकटा होता.

पेटी उघडली ती त्याच्या लेकीने. लहानपणी ती प्रश्न विचारून विचारून घरादाराला भंडावून सोडायची, म्हणून बाबांनी तिचं नाव ‘फौजदार’ ठेवलं होतं. पुढे ती खरोखरच विमा कंपनीत खरेखोटे दावे तपासायच्या कामाला लागली. जळालेली दुकानं, बुडालेल्या गाड्या, जिन्यावरून घसरलेले लोक. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा ती अशाच एका जळक्या गोदामात उभी होती. “बरं,” एवढंच म्हणून तिने फोन खिशात टाकला आणि राखेचे उरलेले फोटो काढून घेतले. तेव्हापासून तिला काहीही वाटलं नव्हतं. रडू नाही, राग नाही, झोपही नाही. लोक येत, पाठीवरून हात फिरवत, आणि ती पाठ आपली नसल्यासारखी ती बसून राही.

पेटी खरं तर ती आदल्या दिवशीच उघडणार होती. शेड आवरायला निघाली तेव्हा आई म्हणाली, “पेटीला आज हात लावू नकोस. उद्या उघड.” म्हणून मग आज.

भांडं दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढं मोठं होतं. रंग गडद मधासारखा, पोट गोल, तोंड रुंद. वरच्या कडेला केसाएवढा बारीक तडा होता, बाकी काम देखणं. तिने ते बाकावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

या शेडमध्ये तिचं बालपण गेलं होतं, त्यामुळे तिला पुस्तक उघडून बघायची गरज नव्हती. भांडं फुंकनळीच्या टोकाशी फुगवतात. मग त्याचं तोंड करायचं, तर ते नळीवरून सोडवायला हवं. त्यासाठी दुसरा माणूस एका सळईच्या टोकावर थोडी तापलेली काच घेऊन येतो आणि ती भांड्याच्या बुडाला चिकटवतो. आता भांडं सळईवर. तोंड करून झालं की बाकावरचा माणूस सळईवर एक हलका टोला देतो, भांडं सुटतं, आणि जाड हातमोजे घालून उभा असलेला दुसरा माणूस ते झेलून पेटीत ठेवतो. पेटी ते सावकाश निववते. उघड्यावर राहिलं तर तडकतं. पेपरवेट एकट्याने होतात. एवढं मोठं भांडं एकट्याने होत नाही, झालं तरी झेलणार कोण?

म्हणजे त्या संध्याकाळी इथे दुसरं कोणीतरी होतं. त्याने भांडं झेललं, पेटीत ठेवलं, दार लावलं, आणि बाबांना फरशीवर टाकून निघून गेलं. सकाळी सिलिंडर घेऊन गॅसवाला आला, तोवर ते तसेच पडून होते.

हा माणूस शोधायचा, असं तिने ठरवलं. बाबा त्याने परत मिळणार नव्हते. पण निदान कोणावर तरी चिडता येईल, असं तिला वाटलं, आणि काहीतरी वाटलं यानेच तिला जरा बरं वाटलं.

२

संशयित शोधायला लांब जायची गरज नव्हती. बाबांच्या हाताखाली काम करू शकतील अशी माणसं आयुष्यात झाली होती तीनच.

बाबांची सुरुवात बाटल्यांच्या कारखान्यात झाली. दिवसभर एकसारख्या बाटल्या बघून कंटाळले आणि उसनवारी करून या शेडमध्ये स्वतःची भट्टी उभी केली. पहिली कित्येक वर्षं त्यांच्या भांड्यांना कोणी विचारत नव्हतं. तेव्हा सळई घेऊन समोर उभी राहायची ती आई. मग एक दिवस भट्टीच्या तोंडाशी आईचं मनगट चांगलंच भाजलं. फौजदार तेव्हा शाळेत होती, तिने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि आकांत करून बाबांना आपल्या गळ्याची शपथ घ्यायला लावली: आईला पुन्हा भट्टीपाशी न्यायचं नाही. बाबांनी शब्द पाळला. आई घरात आली आणि काका शेडमध्ये आला.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. भांडी नावारूपाला आली ती याच काळात. प्रदर्शनं झाली, संग्रहालयांनी विकत घेतली, मासिकांत फोटो आले. फोटोत बाबा एकटेच असत. त्यावरून दोघा भावांचं बिनसलं आणि काकाने गावाच्या दुसऱ्या टोकाला दिव्यांच्या काचांचा कारखाना काढला. त्याच्या जागी आली ती पट्टशिष्या. तिनेही शिकण्यासारखं सगळं शिकून घेतलं आणि स्वतःची भट्टी थाटली. गेल्या वर्षभरात बाबांचे हात कापू लागले होते. आता मी आपला एकटा पेपरवेट करतो, असं ते फोनवर सांगायचे, आणि फौजदार ‘बरं’ म्हणायची.

आईला तिने मनातल्या मनात यादीतून काढून टाकलं. ती त्या दिवशी मावशीकडे होती, आणि शिवाय बाबांची शपथ होतीच. राहिले दोघं.

भांडं चादरीत गुंडाळून तिने गाडीत ठेवलं, त्याला सीटबेल्ट लावला, आणि काकाकडे निघाली.

३

“आलीस का वर्दी चढवून?” काका म्हणाला. त्याचा कारखाना म्हणजे नुसता गोंगाट. भावाला जाऊन आठवडा व्हायच्या आत हा कामावर उभा होता, आणि डोळे मात्र सुजलेले होते.

“त्या संध्याकाळी तू कुठे होतास, काका?”

“इथेच. ही सगळी पोरं साक्षीला आहेत, विचार एकेकाला. फौजदार, मी दादाशी बोलत नव्हतो, पण त्याला पडलेला टाकून येईन असं वाटतं तुला?”

“मला काहीच वाटत नाही सध्या,” ती म्हणाली. ते खरं होतं.

बाबांचे हात वर्षभर कापत होते, हे सांगून तिने चादर उलगडली. काकाने हात पुसले, भांडं उचललं, खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“हात कापत होते म्हणतेस? कापऱ्या हाताने हे होत नाही. एकच शक्यता. समोरचा माणूस फार ओळखीचा हवा. दादाने जरासं हलायचं, पुढचं समोरच्याने आपोआप करायचं. असा माणूस असला की निम्मा हात पुरतो.”

“आणि हा तडा?”

“उशीर झाला. सळईवरून सुटलं की तडक पेटीत जायला हवं. हे बाहेर राहिलंय, आणि थोडाथोडका वेळ नाही. भांडं जाड आहे म्हणून वाचलं. असा वेंधळेपणा नवशिक्याचा.”

“फार ओळखीचा म्हणतोस आणि नवशिकाही म्हणतोस?”

“तेच तर माझ्या डोक्यात शिरत नाही,” काका म्हणाला. मग त्याने भांडं पालथं केलं आणि बुडाच्या मधोमध बोट टेकवलं. तिथे नखाएवढा गोल, गुळगुळीत वण होता. “सळई सुटते तिथे असा वण राहतो. आणि सळईचं टोक प्रत्येकजण आपापल्या सवयीने करतो, सहीसारखं. मी चौफुली पाडतो, म्हणजे चार ठिपके राहतात. थांब.” त्याने कपाटातून एक जुनी फुलदाणी काढून पालथी केली. चार ठिपके, स्वच्छ. “तीस वर्षं माझं दुसरं काही झालेलं नाही. हा वण माझा नाही.”

“मग पट्टशिष्येचा?”

“ते तिलाच विचार,” काका म्हणाला, आणि भांडं परत देताना त्याने त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवला.

४

पट्टशिष्येची भट्टी म्हणजे सगळं पांढरं, पुसून ठेवलेलं. भिंतीवर बाबांचा मोठा फोटो होता. ती बाबांना उस्ताद म्हणायची. फौजदाराला पाहताच ती रडायला लागली, आणि फौजदार शेजारी उभी राहून ते थांबायची वाट बघत राहिली. दुसऱ्याला इतकं सहज रडता येतं याचा तिला जरा हेवाही वाटला.

भांडं दाखवल्यावर मात्र शिष्येचे डोळे एकदम कोरडे झाले. तिने ते न विचारता पालथं केलं.

“हा माझा वण नाही. मी सळईचं टोक वाळूत टेकवते. माझा वण खरखरीत असतो, हात लावला की कळतो. उस्ताद म्हणायचे, तुझी भांडी बुडाला दाढी ठेवतात.” ती हसली आणि पुन्हा नाक ओढलं. “त्यांनी बोलावलं असतं तर धावत गेले असते गं. बोलावलंच नाही.”

“तुझ्यानंतर कोणाला शिकवलं का त्यांनी?”

“छे. शिकवण्याची सहनशक्ती कुठे राहिली होती? मी मध्ये एकदा म्हटलं, एखादा मुलगा पाठवू का मदतीला, तर म्हणाले, माझं भागतंय. पण एक गंमत झाली होती. हातमोजे माझ्याकडूनच मागवायचे ते, जाड, भांडं झेलायचे. या वेळी म्हणाले लहान मापाचे पाठव. मला वाटलं, वय झालं की हातही आक्रसतात की काय! पाठवून दिले.”

फौजदाराने तिच्या हातांकडे पाहिलं.

“माझ्यासाठी नव्हते हं,” शिष्या म्हणाली आणि दोन्ही पंजे पुढे केले. “हे बघ. फावडी म्हणायचे उस्ताद यांना. ते हातमोजे माझ्या बोटांवरसुद्धा चढणार नाहीत.”

काकाचे हात तर त्याहून मोठे. फौजदार गाडीत येऊन बसली आणि किल्ली न फिरवता तशीच बसून राहिली. ओळखीचा माणूस, वर्षानुवर्षांच्या सवयीचा, लहान हातांचा. यादीतली दोन नावं खोडून झाली होती, आणि एक तिने स्वतःच, न तपासता, आधी खोडून ठेवलं होतं. ऑफिसात एखाद्या नवख्या मुलाने असं केलं असतं तर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

५

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक ओबडधोबड काचेचा उंच जग होता. त्यात डाव आणि झारे उभे केलेले असत. बाबांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हा, एका बाजूला कललेला, बुडबुड्यांनी भरलेला. बाबा कितीदा तरी म्हणाले होते की फेका तो, लाज वाटते. आईने फेकू दिला नव्हता.

आई आत पडली होती. फौजदाराने आवाज न करता एकेक डाव काढून ओट्यावर ठेवला आणि जग पालथा केला. मधोमध नखाएवढा, गोल, गुळगुळीत वण होता. चादरीतलं भांडं तिने त्याच्याशेजारी पालथं घातलं. दोन्ही वण अगदी सारखे होते, कडेला एके ठिकाणी जराशी चपटी बाजू राहिली होती तीसुद्धा.

मग तिला पेटीचं आठवलं. आज हात लावू नकोस, उद्या उघड. आत काही आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा आईला ते माहीत होतं. ते कधी आत गेलं आणि कधीपर्यंत निवेल, हेही माहीत होतं.

“डाव का बाहेर काढलेस गं?” मागून आईचा आवाज आला.

६

आईने ओट्यावरची दोन पालथी बुडं पाहिली. ती खुर्ची ओढून बसली. उकडत असूनही तिने लांब बाह्यांचं जाकीट घातलेलं होतं.

“तू होतीस,” फौजदार म्हणाली.

“हो.”

“कधीपासून?”

“त्याचे हात कापायला लागले तेव्हापासून. म्हणाला, परक्यासमोर कापले तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल, तुझ्यासमोर कापले तरी चालतील. पण तुझी शपथ होती ना. फौजदाराला कळता कामा नये, म्हणाला. तू फोनवर विचारायचीस, आई काय करतेय, आणि तो सांगायचा, भाजी निवडतेय. मी समोर सळई घेऊन उभी असायची.” आईच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही. “मजेत गेलं हे वर्ष. खोटं कशाला बोलू?”

“आणि त्या संध्याकाळी?”

आई इतक्या सपाट आवाजात सांगू लागली, जणू शेजारच्या घरातली गोष्ट होती.

“त्याने सळईवर टोला दिला. भांडं माझ्या हातात आलं. मी पाठ फिरवली, दोन पावलं गेले असेन, तर मागे आवाज झाला. मला कळलं तो पडला. नीट ऐक, मला कळलं होतं. तरी मी जाऊन भांडं पेटीत ठेवलं. दार हळू लावलं, धक्का लागू नये म्हणून. आणि मग त्याच्याकडे गेले. तीच शिस्त ना इथली, हातात काच असताना आधी काच. त्यानेच लावलेली. तोवर तो गेला होता.”

“आई, डॉक्टर म्हणाले की जमिनीला टेकायच्या आधीच—”

“मलाच सांगितलं त्यांनी ते,” आई म्हणाली. “पण भांडं ठेवताना मला ते माहीत नव्हतं ना.”

फौजदाराने आयुष्यभर लोकांच्या कैफियती ऐकल्या होत्या, पण सांगणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारी पहिल्यांदाच ऐकत होती.

“मग निघून का गेलीस?”

“कोणालाही बोलावलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता. तो पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात? तूच विचारला असतास. मी त्याच्याजवळ बसले बराच वेळ. मग दिवा तसाच चालू ठेवला आणि मावशीकडे गेले. तिने चहा दिला, मी प्यायले. सकाळी फोन आला तेव्हा दचकायला हवं, हेही मला सुचलं नाही.”

“मग मला पेटी उघडू का दिलीस?”

“न उघडून कसं चालेल? त्याचं शेवटचं काम आहे ते.”

आणि तेव्हा तो राग आला, ज्याची फौजदार इतके दिवस वाट बघत होती. “रात्रभर, आई!” ती ओरडली. “रात्रभर फरशीवर होते ते!”

“हो,” आई म्हणाली. तिने मानही खाली घातली नाही.

राग आला तसा उभाच राहिला, त्याला जायला जागा नव्हती. हिच्यावर कसं चिडायचं? हिला तर तो राग हवाच होता. फौजदार ओट्याला टेकून उभी राहिली. तिची नजर भांड्याच्या कडेकडे गेली, तिथल्या केसाएवढ्या तड्याकडे, आणि काकाच्या डोक्यात न शिरलेलं ते कोडं तिच्या डोक्यात हळूहळू शिरू लागलं.

“आई, बाह्या वर कर.”

“कशाला?”

“कर म्हणते ना.”

आईने नाइलाजाने जाकिटाच्या बाह्या सारल्या. मनगटावरचा जुना पांढरट डाग तिच्या ओळखीचा होता. पण आता दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपरापासून खाली, ताजं भाजलेलं होतं. फोड येऊन फुटले होते, कडा लाल होत्या.

“हे कसं झालं?”

“दाराला लागलं असेल पेटीच्या. माझं लक्ष नव्हतं.”

“दोन्ही हातांना? आतून?” फौजदाराचा आवाज आता तिचा रोजचा, कामावरचा झाला होता. “बाकापासून पेटी किती लांब आहे? चार पावलं. तेवढ्यासाठी हे हातमोजे पुरून उरतात. बाबांनी, काकाने आयुष्यभर भांडी नेली, कोणाचे हात असे भाजलेले मी पाहिले नाहीत. हातमोजा जळून चटका आत यायचा तर तापलेलं भांडं दोन्ही हातांवर धरून खूप वेळ उभं राहावं लागतं. आणि भांडं तितका वेळ बाहेर राहिलं की कडेला असा तडा जातो. काका म्हणाला, हे नवशिक्याचं काम. तू नवशिकी नाहीस. तू आवाज ऐकलास आणि लगेच भांडं ठेवलं नाहीस, आई. तू वळलीस. वळून तशीच उभी राहिलीस.”

“नाही. मी ठेवलं. मला आठवतंय.”

“ठेवलंस, पण नंतर. आधी त्यांच्याकडे बघत उभी होतीस. टाकताही येईना आणि ठेवताही येईना, अशी. तुला काय आठवतंय ते मी खोटं म्हणत नाही. पण काच आणि कातडी दोन्ही तेच सांगतायत.”

आई आपल्या हातांकडे पाहू लागली, कोणीतरी तिच्या नकळत ते तिथे आणून ठेवल्यासारखे. तिने एका फोडावर बोट टेकवलं आणि ती कळवळली. एवढ्या दिवसांत ते तिला पहिल्यांदाच दुखत होतं.

“म्हणजे मी वळले होते?” ती म्हणाली.

“हो.”

“लगेच?”

“लगेच.”

आईने लहान मुलीसारखं वर पाहिलं. “मग त्याने बघितलं असेल का गं? मी वळलेली?”

डॉक्टर काय म्हणाले होते हे दोघींनाही पाठ होतं. आणि पुराव्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा फौजदाराचा तर कामावरचा पहिला नियम होता.

“बघितलं,” ती म्हणाली.

आईने मान हलवली आणि तोंड हातांनी झाकून घेतलं. फौजदाराने फळीवरून मलम उतरवलं, खुर्ची जवळ ओढली आणि आईचा एक हात मांडीवर घेतला. मलम लावता लावता तो हात तिला नीट दिसेनासा झाला. आपण रडतोय हे कळायला तिला जरा वेळ लागला, आणि मग तिने ते थांबवलं नाही.